युजर परमिशन आणि फायरवॉल: बेळगाव, खानापूर, निपाणी भागातून सारखे येणारे प्रश्न

बेळगाव शहर आणि आजूबाजूच्या गावांत दुकानं, सोसायट्या, शाळा, घरं इथले काँप्युटर बघायचं माझं काम. तेच तेच प्रश्न व्हॉट्सॲपवर येत राहतात म्हणून एका जागी घातलेत. आधीच एक सांगतो, कारण खालची निम्मी उत्तरं फिरून तिथंच येतात. आपल्याकडं काही चालेना झालं की दोनच उपाय करतात: युजरला ॲडमिन करून सोडायचं, नाहीतर फायरवॉल, म्हणजे नेटवर्कवरची नको ती ये-जा अडवणारा प्रोग्रॅम, बंद करायची. त्यानं काम त्या दिवशी चालू होतंय खरं, पण ती सेटिंग परत कोण जागेवर आणत नाही, वर्षानुवर्षं तशीच राहते. ह्या दोन्हीला हात न लावता काम कसं चालवायचं ते इथं लिहिलंय. वेगळं सांगितलं नसेल तिथं विंडोज १० नाहीतर ११ समजा, मॅक आणि लिनक्स शेवटाकडं आहेत.

१. दादा, ॲडमिन अकाउंट आणि साधं अकाउंट, नेमका फरक काय?

साध्या अकाउंटला, म्हणजे स्टँडर्ड युजरला, स्वतःच्या फाइली, स्वतःचा डेस्कटॉप आणि आधीच घातलेले प्रोग्रॅम एवढं वापरता येतंय. अख्ख्या काँप्युटरवर परिणाम होणारं जे काय आहे ते ॲडमिनकडं: प्रोग्रॅम घालणं, ड्रायव्हर, फायरवॉलचे रूल, दुसऱ्याचं अकाउंट, दुसऱ्याच्या फाइली. नवीन विंडोज सेट करताना पहिलं जे अकाउंट बनतंय ते ॲडमिनच असतंय आणि बहुतेक जण पुढं तेच वापरत राहतात. तुमचं कुठलं ते बघायचं तर सेटिंग्ज, अकाउंट्स, युवर इन्फो, तिथं नावाखाली ॲडमिनिस्ट्रेटर लिहिलेलं दिसतंय का बघा.

२. घरचा पीसी मी एकटाच वापरतोय, मग साधं अकाउंट कशाला?

कारण परमिशन माणसाला नसते, त्या माणसाच्या नावानं चालणाऱ्या प्रोग्रॅमला असते. तुम्ही मेलमधलं एक बिल उघडलं आणि ते बिल नसून भलतंच काही निघालं, तर ते तुमच्या नावानं चालतंय आणि तुम्हाला जे करता येतंय ते सगळं त्याला करता येतंय. साध्या अकाउंटात असाल तर ते अँटिव्हायरस बंद करू शकत नाही, ड्रायव्हर घालू शकत नाही, दुसऱ्या युजरच्या फोल्डरात शिरू शकत नाही.

पण हेही नीट समजून घ्या, साधं अकाउंट म्हणजे कवच नव्हे. तुमच्या स्वतःच्या फाइली तुम्हाला बदलता येतात, म्हणजे खंडणी मागणारा व्हायरस आला तर त्याला पण त्या लॉक करता येतात, त्याला ॲडमिन लागतच नाही. त्यासाठी बॅकअपच पाहिजे, आणि तोही काम झालं की काढून ठेवलेल्या हार्डडिस्कवर, कारण कायम जोडलेली डिस्क तुमच्याबरोबर तीही जाते.

३. आत्ता ॲडमिनमध्येच सगळं काम आहे, साधं करताना डेटा जाईल का?

नाही जात. फोटो, डेस्कटॉप, ब्राउझरचे पासवर्ड जिथल्या तिथं राहतात, फक्त अकाउंटचा प्रकार बदलतो. क्रम मात्र चुकवू नका. आधी अकाउंट्स, अदर युजर्समध्ये जाऊन नवीन अकाउंट बनवा, त्याला ॲडमिनिस्ट्रेटर करा, पासवर्ड घाला, त्यात एकदा लॉगिन होऊन बघा. सगळं नीट असेल तर त्या नव्या अकाउंटातूनच तुमचं जुनं अकाउंट स्टँडर्ड युजर करा. नव्या ॲडमिनचा पासवर्ड घरातल्या वहीत लिहून ठेवा, हा पासवर्ड रोज लागत नाही आणि म्हणूनच विसरतो.

४. दर वेळी स्क्रीन काळपट करून येस-नो विचारतंय, वैताग आलाय, बंद करून टाकू?

नको. त्याला यूएसी म्हणतात, व्हिस्टापासून आलंय. ॲडमिन अकाउंटात ते नुसतं येस-नो विचारतंय, साध्या अकाउंटात ॲडमिनचा पासवर्ड मागतंय. स्क्रीन काळपट होते ती मुद्दाम, त्या वेळी ती खिडकी वेगळ्या सुरक्षित डेस्कटॉपवर असते, म्हणजे दुसरा कुठला प्रोग्रॅम तुमच्या वतीनं गुपचूप येस दाबू शकत नाही.

सेटिंगच्या पट्टीवर चार पायऱ्या आहेत, विंडोज स्वतः वरून दुसरीवर ठेवतंय, तिथंच राहू द्या. विचारल्यावर दोनच गोष्टी बघा: आत्ता मी काय घालायला किंवा बदलायला गेलो होतो का, आणि पब्लिशरच्या जागी ओळखीचं नाव आहे का अननोन लिहिलंय. तुम्ही काही केलेलं नसताना ती खिडकी आली तर सरळ नो मारा. खरंच गरज असेल तर ती परत येईल.

५. मी ॲडमिन आहे तरी ॲक्सेस डिनाइड म्हणतंय, असं कसं?

दोन कारणं असतात. पहिलं, ॲडमिन असलात तरी विंडोज तुमचे प्रोग्रॅम साध्या परमिशनवरच चालवतंय, यूएसीला येस म्हटल्यावरच त्या एका प्रोग्रॅमला पूर्ण ताकद मिळते. म्हणून काही कामांना राइट क्लिक मारून रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर लागतंय.

दुसरं, विंडोजच्या आतल्या बऱ्याच फाइलींचा मालक ॲडमिन नसतोच, ट्रस्टेड इन्स्टॉलर नावाची विंडोजचीच एक सर्व्हिस असते. यूट्यूबवर बघून विंडोज फोल्डरची ओनरशिप आपल्या नावावर करून घेणारे खूप आहेत, कृपा करून ते करू नका. ती बंधनं सिस्टिमच्या फाइली कोणी बदलू नयेत म्हणूनच घातलेली आहेत.

६. जुन्या पीसीची हार्डडिस्क नव्याला जोडली, फोटोचा फोल्डर उघडत नाही. नाव तर तेच ठेवलंय की!

नाव तेच असलं तरी विंडोज माणसाला नावानं ओळखत नाही, आत एक लांबलचक नंबर असतो, त्यावर ओळखतंय. नव्या पीसीवर तुमचा नंबर वेगळा, म्हणून तुम्ही त्याला परके. फोल्डरवर डबल क्लिक केल्यावर कंटिन्यू विचारलं तर ते दाबा आणि थांबा, फाइली जास्त असतील तर वेळ लागतो. तेवढ्यानं झालं नाही तर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, ॲडव्हान्स्ड, तिथं ओनर बदलून आपलं नाव घाला आणि आतल्या फोल्डरांना पण लागू व्हायची टिक मारा. हे फक्त तुमच्या युजर फोल्डरवर करायचं, अख्ख्या ड्राइव्हवर नाही.

अपवाद एकच, जुनी डिस्क बिटलॉकरनं (विंडोजची डिस्क एन्क्रिप्ट करायची सोय) लॉक असेल तर परमिशन बदलून काही होत नाही, रिकव्हरी की लागते. मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं लॉगिन करत असाल तर ती बहुतेक वेळा त्या अकाउंटात ऑनलाइन सेव्ह झालेली असते, तिथं बघा.

७. पेनड्राइव्हवरच्या फोल्डरला सिक्युरिटीचा टॅबच दिसत नाही.

पेनड्राइव्ह सहसा फॅट३२ किंवा एक्सफॅटमध्ये असतो आणि ह्या दोन्हीत परमिशनची सोयच नाही. ज्याच्या हातात पेनड्राइव्ह, त्याच्या हातात सगळ्या फाइली. सोसायटीच्या सभासदांची आधार-पॅनची यादी पेनड्राइव्हवर फिरवत असाल तर परमिशन विसरा, फाइल पासवर्ड घालून एन्क्रिप्ट करा.

८. बिलाचं जुनं सॉफ्टवेअर आहे. मालकांच्या लॉगिनमध्ये बिलं दिसतात, पोरग्याच्या लॉगिनमध्ये गायब. व्हायरस आहे काय?

व्हायरस नाही, आणि हा प्रश्न कापड दुकानं, प्रिंटिंग प्रेस, मेडिकल सगळीकडनं येतोय म्हणून सविस्तर सांगतो.

जुनी सॉफ्टवेअरं आपला डेटा स्वतःच्याच फोल्डरात लिहितात, म्हणजे प्रोग्रॅम फाइल्सच्या आत. साध्या परमिशनवर चालणाऱ्या प्रोग्रॅमला तिथं लिहायला मनाई आहे. पण सरळ नाही म्हटलं तर असली हजारो जुनी सॉफ्टवेअरं बंद पडली असती, म्हणून विंडोजनं एक पळवाट ठेवली. जुन्या ३२ बिट प्रोग्रॅमला वाटतंय की आपण प्रोग्रॅम फाइल्समध्येच लिहिलं, पण विंडोज ती फाइल गुपचूप त्या युजरच्या ॲपडेटा, लोकल, व्हर्च्युअल स्टोअर ह्या फोल्डरात ठेवतंय. प्रत्येक युजरचं व्हर्च्युअल स्टोअर वेगळं. म्हणजे मालक बिलं घालतात ती मालकांच्या कोपऱ्यात, पोरगा घालतोय ती त्याच्या कोपऱ्यात, आणि दोघांना वाटतंय आपण एकाच वहीत लिहितोय.

आता उपाय. सॉफ्टवेअर बंद करा. दोन्ही युजरच्या व्हर्च्युअल स्टोअरमधल्या फाइली आणि मूळ फोल्डरातल्या फाइली, तिन्हींची कॉपी वेगळीकडं काढा. तारखा बघा, सगळ्यात पूर्ण डेटा कुठला ते ठरवा. मग सी ड्राइव्हच्या बाहेर किंवा सी वरच पण प्रोग्रॅम फाइल्सच्या बाहेर एक फोल्डर करून सॉफ्टवेअरमध्ये डेटाचा पाथ तिकडं वळवा आणि त्या एका फोल्डरला दोघांना मॉडिफाय परमिशन द्या. सॉफ्टवेअर पाथ बदलू देत नसेल तर ते सॉफ्टवेअरच त्या नव्या फोल्डरात परत इन्स्टॉल करा. दोन लॉगिनमध्ये वेगवेगळी पडलेली बिलं आपोआप एकत्र होत नाहीत, ती हातानं घालावी लागतात किंवा सॉफ्टवेअरवाल्याकडनं करून घ्यावी लागतात.

आणि ह्यावर उपाय म्हणून पोरग्याला ॲडमिन करून सॉफ्टवेअर कायम रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर चालवायला सांगणारे असतात. त्यानं त्याचं व्हर्च्युअल स्टोअर बाजूला पडतंय आणि आत्तापर्यंतची त्याची बिलं पण दिसेनाशी होतात.

९. सोसायटीत एका पीसीवर फोल्डर शेअर केलाय, फुल कंट्रोल दिलंय, तरी दुसऱ्या पीसीवरनं सेव्ह होत नाही.

शेअर केलेल्या फोल्डरला दोन कुलपं असतात, एक शेअरिंगच्या टॅबवर आणि एक सिक्युरिटीच्या टॅबवर. नेटवर्कवरनं येणाऱ्याला दोन्हीतनं यावं लागतंय आणि दोन्हीतलं जे जास्त कडक असेल ते चालतंय. शेअरिंगमध्ये फुल आणि सिक्युरिटीत नुसतं रीड, तर मिळणार रीड.

माझी पद्धत अशी: प्रत्येक कारकुनाचं वेगळं अकाउंट, शेअरिंगच्या टॅबवर सगळ्यांना एकसारखी मोकळीक, आणि खरं नियंत्रण फक्त सिक्युरिटीच्या टॅबवर. म्हणजे काही अडलं तर एकाच ठिकाणी बघायचं. सिक्युरिटीत मात्र एव्हरीवन फुल कंट्रोल देऊ नका. सभासदांची कर्जखाती, मुदत ठेवी त्या फोल्डरात आहेत, आणि उद्या एखाद्या पीसीत व्हायरस शिरला तर त्याला पण ती फुल कंट्रोल मिळते.

१०. कामगारांनी फोल्डर उघडू नये म्हणून एव्हरीवनला डिनाय केलं, आता मलाच उघडत नाही.

एव्हरीवनमध्ये तुम्ही पण आलात की. डिनाय हा अलाउपेक्षा मोठा, त्यामुळं तुमच्या नावानं वेगळं अलाउ असलं तरी चालत नाही. सिक्युरिटी, ॲडव्हान्स्डमध्ये जाऊन ती डिनायची ओळ काढा, मालक तुम्हीच असाल तर ती काढायचा हक्क तुम्हाला राहतोच. ज्याला द्यायचं नाही त्याला डिनाय करायची गरजच नसते, त्याचं नाव यादीत ठेवलं नाही की झालं.

फसवणारा अपवाद एक आहे. डिनाय वरच्या फोल्डरातनं वारशानं आलेला असेल आणि आतल्या फोल्डरावर थेट अलाउ घातलेलं असेल, तर तिथं अलाउ जिंकतंय. वरच्या फोल्डराला डिनाय केलं म्हणजे आतलं सगळं बंद झालं असं धरून चालू नका.

११. फाइल एका फोल्डरातनं दुसऱ्यात हलवली, तरी जुनीच माणसं उघडू शकतात. का?

त्याच ड्राइव्हवर कट-पेस्ट केलं की फाइल आपली जुनी परमिशन घेऊनच जाते. कॉपी केली तर नव्या फोल्डराची घेते. दुसऱ्या ड्राइव्हवर हलवली तरी नव्याचीच घेते, कारण आत ती कॉपी करून जुनी पुसणंच असतंय. पगाराची शीट कॉमन फोल्डरातनं बंद फोल्डरात न्यायची असेल तर कॉपी करा, उघडून तपासा, मग मूळ डिलीट करा.

१२. अँटिव्हायरस घेतलाय, मग फायरवॉल वेगळी कशाला?

अँटिव्हायरस फाइली आणि प्रोग्रॅम बघतो, फायरवॉल नेटवर्कवरची ये-जा बघते, दोघांची कामं वेगळी. विंडोज एक्सपीत फायरवॉल होती पण बंद ठेवलेली. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर नावाचा वर्म, म्हणजे स्वतःहून पसरणारा व्हायरस, आला, त्याला कोणी काही क्लिक करायची गरज नव्हती, पीसी नेटला जोडलेला आणि पोर्ट (नेटवर्कवरनं आत यायचं नंबर घातलेलं दार) उघडं एवढं त्याला पुरत होतं. २००४ च्या सर्व्हिस पॅक २ पासून मायक्रोसॉफ्टनं ती सगळ्यांना चालूच करून दिली.

पैसे देऊन घेतलेल्या काही अँटिव्हायरसमध्ये स्वतःची फायरवॉल असते, मग विंडोजची बाजूला होते. विंडोज सिक्युरिटीत फायरवॉलच्या पानावर कोण सांभाळतंय त्याचं नाव दिसतंय. वर्गणी संपलेला अँटिव्हायरस नुसता बसून असेल तर तो काढा.

१३. राउटर आहे की मधे, बाहेरचा येणार कुठनं?

बाहेरनं थेट येणारा राउटरवर अडतो, खरं आहे. पण आतला? मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचं खंडणी मागणारं व्हायरस पसरलं ते ४४५ नंबरच्या पोर्टवरनं, म्हणजे फोल्डर शेअर करायला जे वापरतात तेच, आणि एक पीसी सापडला की त्याच ऑफिसातल्या बाकीच्यांवर ते स्वतःहून जात होतं. त्याचा पॅच मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिला होता, अपडेट न केलेले अडकले. राउटरला ह्यातलं काही दिसत नाही, कारण आतल्या आतली ये-जा त्याच्या फायरवॉलमधनं जात नाही. तिथं प्रत्येक पीसीची स्वतःची फायरवॉलच कामाला येते.

१४. करंट जाऊन आला की प्रिंटर आणि शेअर फोल्डर दिसायचं बंद होतंय. दर वेळी फायरवॉल बंद करावी लागतेय.

फायरवॉल बंद करू नका, आधी नेटवर्क पब्लिक झालंय का बघा. विंडोज प्रत्येक नेटवर्कला पब्लिक किंवा प्रायव्हेट असा शिक्का मारतंय. पब्लिकमध्ये शेअरिंग आणि दुसऱ्या पीसीला दिसणं बंद असतंय, प्रायव्हेटमध्ये चालू करता येतंय. करंट गेल्यावर पीसी आधी उठला आणि राउटर मागनं उठला, किंवा नेटवाल्यानं राउटरच बदलून दिला, तर विंडोजला ते नेटवर्क नवीन वाटू शकतंय आणि नवीन म्हणजे पब्लिक. सेटिंग्ज, नेटवर्क, त्या कनेक्शनच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन प्रायव्हेट करा.

दुसरं कारण, राउटर उठल्यावर प्रिंटरला वेगळा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, मिळतो आणि पीसी जुन्यावर शोधत बसतोय. राउटरमध्ये प्रिंटरचा आणि मेन पीसीचा आयपी फिक्स करून घ्या. राउटरला एक छोटा यूपीएस लावला तर हा त्रास बहुतेक मिटतोच.

लॉज, बसस्टँड, कॉलेज हॉस्टेल इथल्या वाय-फायला मात्र कायम पब्लिकच ठेवा.

१५. नवीन सॉफ्टवेअर पहिल्यांदा उघडलं की अलाउ का कॅन्सल विचारतंय. काय दाबायचं?

तो प्रोग्रॅम बाहेरनं येणाऱ्या कनेक्शनची वाट बघत बसणार आहे, ते चालेल का असं विचारतंय. प्रोग्रॅम ओळखीचा आणि दुसऱ्या पीसीनं त्याला जोडायचं असेल तर प्रायव्हेटवर टिक ठेवून अलाउ. साधा गेम, पीडीएफचं सॉफ्टवेअर असलं काही असेल तर कॅन्सल मारलं तरी तो चालतोच.

इथं एक मोठी गोम आहे. कॅन्सल म्हणजे नुसतं नंतर बघू नव्हे, कॅन्सल दाबलं की विंडोज त्या प्रोग्रॅमच्या नावानं ब्लॉकचे रूल बनवून ठेवतंय, आणि ब्लॉक हा अलाउच्या वर असतो. पुढं तुम्ही कितीही अलाउ रूल घातले तरी चालत नाही. कुणीतरी घाईत कॅन्सल मारलेलं असतंय आणि मग दोन दिवस सगळे केबल बदलत बसतात. फायरवॉलच्या ॲडव्हान्स्ड खिडकीत इनबाउंड रूल्समध्ये लाल गोल खूण असलेल्या ओळी बघा, त्या प्रोग्रॅमच्या असतील तर काढा.

१६. टॅली क्लायंटवर येत नव्हतं, आलेला माणूस फायरवॉल बंद करून गेला, आता छान चालतंय. मग राहू दे की?

राहू देऊ नका. एक खिडकी उघडायची होती तर त्यानं भिंत पाडून ठेवलीय. फायरवॉल परत चालू करा आणि पाहिजे तेवढंच उघडा.

टॅलीचं पोर्ट सहसा ९००० आणि लायसन्स सर्व्हरचं ९९९९ असतंय, टॅलीच्या सेटिंगमध्ये नंबर बदललेला नाही ना ते आधी बघा. सर्व्हरच्या पीसीवर, म्हणजे बाकीचे पीसी ज्याला जोडतात त्यावर, स्टार्टमध्ये फायरवॉल टाइप करून ॲडव्हान्स्ड सिक्युरिटीवाली खिडकी उघडा. डावीकडं इनबाउंड रूल्स, उजवीकडं न्यू रूल. पोर्ट निवडा, टीसीपी, नंबरांच्या जागी दोन्ही नंबर स्वल्पविराम देऊन. पुढं अलाउ. पुढच्या पानावर डोमेन आणि पब्लिकची टिक काढा, फक्त प्रायव्हेट ठेवा. नाव असं द्या की दोन वर्षांनी दुसऱ्याला कळेल. रूल बनला की त्यावर डबल क्लिक मारा, स्कोपच्या टॅबवर रिमोटच्या भागात लोकल सबनेट घाला, म्हणजे ऑफिसातल्या पीसींनाच तिथं येता येईल. डेटाचा फोल्डर शेअर असेल तर फाइल अँड प्रिंटर शेअरिंगचे तयार रूल प्रायव्हेटला चालू करा, आणि परमिशनसाठी प्रश्न ९ बघा.

एवढं करून पण येत नसेल तर प्रश्न १४ आणि १५ मधलं तपासा, बहुतेक वेळा तिथंच सापडतंय.

१७. बँकेतनं बोलतोय म्हणून फोन आला, स्क्रीन शेअरचं ॲप घालायला लावलं, पैसे गेले. फायरवॉलनं अडवलं का नाही?

हे वाचून वाईट वाटतं, आणि ह्याचं उत्तर सगळ्यांना कळलं पाहिजे. विंडोजची फायरवॉल बाहेरनं आत येणारं अडवते, आतनं बाहेर जाणाऱ्याला मात्र आपण वेगळं बंद केलं नसेल तर मोकळीक असते. स्क्रीन शेअरचं ॲप तुमच्या पीसीतनंच बाहेर कनेक्शन करतंय, म्हणून फायरवॉलच्या नजरेत ते तुम्हीच उघडलेलं दार आहे. यूएसीत येस तुम्हीच म्हणता, कारण फोनवरचा माणूस तसं सांगत असतो.

झालं असेल तर पहिल्यांदा नेट तोडा, केबल ओढा, मग दुसऱ्या फोनवरनं १९३० ला लावा. ती सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन आहे, जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे मधे अडवायची शक्यता जास्त. पासवर्ड दुसऱ्या काँप्युटरवरनं बदला. आई-बाबांच्या पीसीवर साधं अकाउंट ठेवा आणि ॲडमिनचा पासवर्ड पोरांकडं राहू दे. काही ॲप ॲडमिनशिवाय पण चालतात, पण पासवर्ड मागितला की फोन मुलाला लावायची सवय तरी लागते.

१८. पोरगा पुण्याला असतो, तिथनं घरचा पीसी बघायचाय. राउटरमध्ये ३३८९ पोर्ट उघडू का?

अजिबात नको. ते रिमोट डेस्कटॉपचं पोर्ट आहे आणि जगभरात प्रोग्रॅम दिवसरात्र तेच पोर्ट शोधत, पासवर्ड मारून बघत असतात. शिवाय विंडोज होमला रिमोट डेस्कटॉपनं आत घेता येतच नाही, प्रो लागतं. आणि बऱ्याच लोकल फायबरवाल्यांकडं तुम्हाला स्वतःचा पब्लिक आयपी मिळत नाही, त्यामुळं पोर्ट उघडून पण उपयोग होत नाही. कधीतरी मदतीपुरतं पाहिजे तर मायक्रोसॉफ्टचंच क्विक असिस्ट वापरा, पोरगा कोड देतो, घरचा माणूस घालतो, खिडकी बंद केली की संपलं. रोज पाहिजे असेल तर व्हीपीएन, म्हणजे घरच्या नेटवर्कपर्यंतची बंद खाजगी वाट, लावून घ्या. फोन मात्र आपण पोराला लावायचा, कोड घाला म्हणून आलेल्या फोनवर काही करायचं नाही.

१९. सेंटरमध्ये अंगठ्याचं मशीन ब्राउझरला सापडेना. फायरवॉल बंद करून बघितली, तरी नाही.

नाहीच होणार. अंगठ्याच्या मशीनची आरडी सर्व्हिस, म्हणजे मशीन आणि ब्राउझर यांच्या मधे बोलणारा प्रोग्रॅम, त्याच पीसीवर ११,१०० ते ११,१२० मधल्या एखाद्या पोर्टवर बसलेली असते आणि ब्राउझर तिच्याशी पीसीच्या आतल्या आत बोलतो. असल्या आतल्या बोलण्याला विंडोजची फायरवॉल हात लावत नाही. सर्व्हिसेसमध्ये ती चालू आहे का बघा, मशीनची मुदत संपली नाही ना बघा, वेबसाइट एचटीटीपीएसवर असेल तर ब्राउझर त्या सर्व्हिसचं सर्टिफिकेट मानतोय का बघा. विकतच्या अँटिव्हायरसची वेब तपासणी मात्र मधे येऊ शकते, तिथं त्या सर्व्हिसला सूट द्या. आणि बंद केलेली फायरवॉल आठवणीनं चालू करा, सेंटरवर लोकांचे आधार येतात.

२०. मॅकला हे सगळं लागत नाही म्हणतात, खरं काय?

खरं नाही. मॅकवर पण पहिलं अकाउंट ॲडमिनच असतंय, फक्त रूट, म्हणजे सगळ्यात वरचं अकाउंट, मुळात बंद असतो आणि २०१५ च्या एल कॅपिटनपासून सिस्टिमच्या फाइली रूटला पण बदलता येत नाहीत. कॅमेरा, माइक, स्क्रीन रेकॉर्डिंग ह्यांची परमिशन ॲपनुसार विचारली जाते, प्रायव्हसीच्या पानावर ती यादी अधूनमधून साफ करा. फायरवॉल बऱ्याच मॅकवर बंदच दिसते. सिस्टिम सेटिंग्ज, नेटवर्क, फायरवॉल इथं चालू करा. ती ॲपनुसार काम करते आणि फक्त आत येणारं बघते.

२१. कॉलेजसाठी उबुंटू घातलंय. परमिशन डिनाइड आलं की सगळे ७७७ कर म्हणतात.

७७७ म्हणजे मालक, ग्रुप आणि बाकी सगळे, तिघांनाही वाचा, लिहा, चालवा. एव्हरीवन फुल कंट्रोलचंच हे लिनक्सचं रूप. आधी लिस्ट करून मालक कोण ते बघा. बहुतेक वेळा कधीतरी सुडोनं, म्हणजे रूटच्या ताकदीनं, काहीतरी चालवलेलं असतंय आणि फाइल रूटच्या नावावर पडलेली असते, तिथं मालक बदलायचा, परमिशन नाही. फाइलला ६४४ आणि फोल्डरला ७५५ हे रोजच्यासाठी पुरतंय. फोल्डरला चालवायची परमिशन म्हणजे आत शिरायची परमिशन, ती काढली तर आतलं काही उघडत नाही.

पोरं हमखास अडकतात ते इथं: फाइल रीड-ओन्ली केली तरी दुसऱ्यानं डिलीट केली. लिनक्समध्ये डिलीट करणं हे त्या फोल्डरात लिहिणं समजलं जातंय, फाइलची परमिशन तिथं बघितलीच जात नाही. फोल्डरला जपा.

उबुंटूत यूएफडब्ल्यू ही फायरवॉल असते पण बंद असते, एका कमांडनं चालू होते. त्या मशीनवर एसएसएचनं बाहेरनं लॉगिन केलेलं असेल तर आधी २२ नंबर अलाउ करा, नाहीतर पुढच्या वेळी तुम्हीच बाहेर राहाल. फेडोरा वर्कस्टेशनवर उलटं, तिथं फायरवॉल चालू दिसते पण १०२५ ते ६५,५३५ पोर्ट मुळातच उघडी ठेवलेली असतात.

२२. यूएफडब्ल्यूत पोर्ट बंद आहे, तरी डॉकरमधला डेटाबेस हॉस्टेलच्या वाय-फायवर मित्राला दिसतोय!

डॉकर (प्रोग्रॅम वेगळ्या डब्यात चालवायचं साधन) पोर्ट उघडताना स्वतःचे रूल थेट खाली घालतो, यूएफडब्ल्यूपर्यंत ते पॅकेट पोचतच नाही. पोर्ट देताना पुढं १२७.०.०.१ लावा, म्हणजे तो फक्त तुमच्याच मशीनवर ऐकेल. प्रोजेक्टचे डेटाबेस ॲडमिन-ॲडमिन पासवर्डवर असतात, तेही बदला.

२३. उद्यमबागेत वर्कशॉप आहे, सीएनसीला (काँप्युटरवर चालणाऱ्या मशीनला) जोडलेला पीसी एक्सपीचा आहे आणि बदलता येत नाही. नवीन पीसीवरनं त्यात फोल्डर उघडेना.

मशीन चांगलं चाललंय म्हणून पीसी बदलायचा नाही, हे मला पटतंय. पण एक्सपीला एप्रिल २०१४ पासून नियमित सिक्युरिटी अपडेट नाहीत, त्यामुळं त्याच्या फायरवॉलवर आणि परमिशनवर विसंबायचंच नाही. फोल्डर उघडत नाही कारण एक्सपी फाइल शेअरिंगची जुनी एसएमबी १ भाषा बोलतो, आणि २०१७ च्या शेवटी आलेल्या अपडेटपासून विंडोज १० ती मुळात घालतच नाही. इंटरनेटवर ती चालू करायची युक्ती सापडेल, पण वॉनाक्राय तिच्यातनंच शिरलं होतं. तुमच्या हिशेबाच्या पीसीवर ती चालू करू नका.

एक्सपीला ऑफिसच्या स्विचवरनं काढा, गेटवे (बाहेर जायच्या राउटरचा पत्ता) रिकामा ठेवा, नेट देऊ नका. प्रोग्रॅम न्यायला एक पेनड्राइव्ह त्याच कामाला ठेवा, दर वेळी नव्या पीसीवर स्कॅन करून मगच न्या, आणि एक्सपीवर ऑटोरन बंद करून घ्या. दिवसात दहा वेळा फाइल न्यावी लागत असेल तर मधे दोन लॅन कार्डांचा एक जुना लिनक्स पीसी ठेवायचा, एक तोंड ऑफिसकडं, एक मशीनकडं, आणि दोन्हींच्या मधे राउटिंग बंद. मशीनकडच्या तोंडावर फक्त एक फोल्डर. त्या पीसीला जुनी भाषा बोलू दिली तरी तिची मजल तेवढ्या एका केबलपुरतीच राहते.